बादली कुठे ठेवावी?

गळतीचा पहिला थेंब रात्रीच पडतो. दिवसाही पडत असणार, पण तेव्हा कुकरच्या शिट्ट्या असतात, टीव्ही चालू असतो, खाली भंगारवाला ओरडत असतो. रात्री दोन वाजता येणारा ‘टप्’ मात्र थेट आपल्यालाच उद्देशून असतो. नवशिका माणूस अशा वेळी उठतो, दिवा लावतो आणि वर बघतो. पहिली चूक इथेच होते. आधी खाली बघावं. ओल्या फरशीवर घसरलेल्या माणसाला गळतीचा पुढचा अभ्यास तीन महिने पाठीवर पडून करावा लागतो. त्या स्थितीत छत उत्तम दिसतं, हे खरं आहे, पण बादली उचलता येत नाही.

लेखकाची पात्रता कुणी विचारेल म्हणून सांगतो. डोंबिवलीत एका चार मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी एकोणीस पावसाळे काढले आहेत आणि त्याआधीचे, लहानपणचे सगळे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कौलारू घरात. गवंडीकाम मला येत नाही. पण जुनाट दुखणेकऱ्याला जसं औषधांचं कळायला लागतं, तसं मला छपरांचं कळायला लागलं आहे. आणि दुखणेकऱ्याप्रमाणेच मी समोरच्याने न विचारताही सांगतो.

आता बादली. गळतीवरचा हा सर्वांत जुना उपाय आहे आणि तो आजवर कधी वाया गेलेला नाही. पातेलं ठेवू नये. स्टीलच्या पातेल्यात पडणारा थेंब शेजाऱ्यांनाही ऐकू जातो, आणि सकाळी दूध तापवायच्या वेळी त्याच पातेल्यावरून घरात वेगळा पाऊस सुरू होतो. प्लॅस्टिकची बादली घ्यावी, तळाशी जुन्या टॉवेलचा तुकडा टाकावा, म्हणजे आवाज मरतो. याहून नामी युक्ती माझ्या आत्याची होती. थेंब सुटतो त्या जागी वाशाला सुतळी बांधायची आणि तिचं दुसरं टोक बादलीत सोडायचं. पाणी सुतळी धरून निमूट खाली येतं, उडत नाही, वाजत नाही. आमच्या माजघरात आषाढात अशा चार-पाच सुतळ्या लोंबत असायच्या आणि त्यांच्यामधून वाट काढत आम्ही जेवायला बसायचो. स्लॅबच्या घरात ही सोय नाही. तिथे वासा नसतो आणि ओल्या छताला चिकटपट्टी धरत नाही. तिथे टॉवेल.

दोन गोष्टी मात्र चेष्टेवारी नेऊ नयेत. पाणी पंख्यातून, दिव्यातून किंवा बटणाच्या पाटीतून येत असेल, तर आधी त्या खोलीची वीज मुख्य ठिकाणाहून बंद करावी आणि मगच बादली शोधावी. दुसरं, छताचा रंग फुग्यासारखा फुगून खाली लोंबू लागला असेल तर त्यात पाणी साठलेलं आहे. त्याखाली बादली धरून फुगा सुईने फोडावा. नाहीतर तो आपली वेळ आपण निवडतो, आणि ती वेळ पाहुणे आल्याची असते.

बादली ठेवून झाली की नवशिक्याला वाटतं, गळती सापडली. हा या विद्येतला सर्वांत महाग गैरसमज आहे, आणि तो दूर करायला मला तीन पावसाळे आणि पांढऱ्या सिमेंटच्या सहा पिशव्या लागल्या. थेंब जिथे पडतो तिथे छप्पर गळत नसतं. पाणी आत शिरतं एकीकडे आणि घरात उतरतं भलतीकडे. मधल्या प्रवासात ते काय करतं हे स्लॅब ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही. काँक्रीटमध्ये सळ्या असतात, विजेच्या तारांसाठी टाकलेल्या नळ्या असतात, ओतताना राहून गेलेल्या पोकळ्या असतात. कठड्याच्या कडेने शिरलेलं पाणी यातली सोयीची वाट धरतं, आठ-दहा फूट आडवं जातं आणि पंख्याच्या हुकापाशी प्रकट होतं. आपण पंख्याच्या बरोबर वर, गच्चीत, पावलं मोजून ती जागा शोधतो आणि तिथे पांढऱ्या सिमेंटचा गोल काढतो.

आमच्या गच्चीवर माझे असे अकरा गोल होते. लांबून कुणीतरी रांगोळी काढून ठेवल्यासारखं दिसे. एकाही गोलाचा गळतीशी काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा आधी तपास. पहिलं हत्यार पेन्सिल. छतावर ओल दिसली की तिच्या कडेने रेघ ओढायची आणि बाजूला तारीख घालायची. चार दिवसांनी ओल रेघेबाहेर गेली का ते बघायचं. पाऊस थांबल्यावर ती सुकत गेली तर पाणी गच्चीतून येतं आहे. पाऊस थांबो, दिवाळी जावो, संक्रांत येवो, ओल तश्शीच, तर आभाळाला दोष देऊ नका. वर पाण्याची टाकी आहे किंवा भिंतीत पाइप आहे, तिथे बघा. एका गृहस्थांनी गच्चीला दोन वेळा रसायनं फासली आणि शेवटी निघालं काय, तर टाकीचा तरंगता नळ अडकून रोज रात्री टाकी भरून वाहत होती. तेव्हापासून त्यांच्या घरी त्या नळाचं नाव काढत नाहीत.

कौलारू घरात हे सगळं फार सोपं असतं, आणि इथे मला थोडं रेंगाळू द्या. कौलारू घरात गळती शोधायला पाऊस लागत नाही, ऊन लागतं. भर दुपारी माळ्यावर चढायचं, दार ओढून घ्यायचं आणि अंधारात डोळे सरावले की वर बघायचं. जिथे जिथे उजेडाचा ठिपका, तिथे तिथे गळती. आमचे आजोबा हा कार्यक्रम चैत्रातच उरकायचे. ठिपका दिसला की आतूनच काठीच्या टोकाने सरकलेलं कौल ढोसून जागेवर बसवायचे. निम्म्या गळत्या एवढ्यावर मिटत. उरलेल्यांसाठी शाकारणी.

शाकारणी म्हणजे रोहिणी संपायच्या आत घराचं अख्खं पाखं उतरवून पुन्हा चढवायचं. एकजण वर, एकजण शिडीवर, एकजण खाली, आणि हातोहात कौलं येतात. फुटकी बाजूला, शेवाळलेली घासायला, धड होती ती ओळीने अंगणात. मग रिपा बघायच्या, वाळवी लागलेली रीप काढून नवी ठोकायची, वासा वाकला आहे का बघायचं. वासा मध्ये वाकला की पाख्याचा उतार कमी होतो, पाणी रेंगाळतं, आणि रेंगाळणारं पाणी मागे सरकून कौलाच्या सांध्यातून आत येतं. दोन कौलांमध्ये पातेरा अडकला तरी तेच होतं. फणसाचं एक कुजलेलं पान पाणी धरून ठेवतं आणि ते वरच्या कौलाखालून आतल्या बाजूला चढतं. पाणी वर चढतं हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आत्याने फणसाचं पान काढून दाखवलं, तेव्हा विश्वास बसला.

वर चालण्याचीही एक रीत आहे आणि नवशिक्याने ती तोंडपाठ करूनच शिडीला हात लावावा. कौलाच्या मधोमध पाय द्यायचा नाही. जिथे कौल रिपेवर टेकलेलं असतं, दोन कौलांचा सांधा असतो, तिथे पाय. मध्ये दिला तर कौल तडकतं, पण लगेच कळत नाही, कळतं आषाढात. एक गळती काढायला चढलेला माणूस चार लावून उतरतो तो असा. आणि ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर चढू नका. गडीमाणसंही पावसात चढत नाहीत. आजोबा म्हणायचे, पावसात छपरावर चढणारा एकतर माकड असतो नाहीतर जावई.

माकडांचं वेगळं सांगायला हवं. कोकणातल्या छपराचा खरा शत्रू पाऊस नव्हे. पाऊस बिचारा सरळ खाली येतो, पन्हळीने निघून जातो. लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं मात्र आंब्यावरून थेट आढ्यावर उडी घेतात, कौलं उचलून बघतात आणि आवडली नाहीत की टाकून देतात. यावर उपाय विचाराल तर गावात शंभर सांगतील. फटाके, गोफण, कुत्रा, आरशाचे तुकडे. माकडांनी हे सगळे उपाय बघितले आहेत. बरीच घरं शेवटी कौलं उतरवून पत्रा घालतात, तो पावसामुळे नव्हे, माकडांमुळे. मग पत्र्यावर माकडं उड्या मारतात तेव्हा आत बसलेल्याला बोलताही येत नाही, पण गळत नाही.

ही जी लाल, खाचांची कौलं आपण मंगलोरी म्हणून ओळखतो, ती मुळात एका जर्मन मिशनऱ्याची देणगी. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळुरात नेत्रावतीच्या काठी कारखाना उभा केला, कारण नदीकाठची चिकणमाती त्या कामाला नेमकी होती. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे अर्धगोल नळे होते. मंगलोरी कौलाची करामत त्याच्या खाचेत आहे. एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, आणि खालच्या बाजूची नाकं रिपेला धरून राहतात. ना खिळा, ना चुना. चुना-सिमेंट लागतं फक्त आढ्याच्या कौलांना. एक फुटलं तर एकच बदलायचं, तेही आठ वर्षांच्या मुलाला वर चढवून. हे मी अनुभवाने सांगतो, कारण तो मुलगा मी होतो. मी वर असताना आजोबा खालून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असत: “सांध्यावर रे, सांध्यावर.”

सांगायचा मुद्दा असा की कौल पाण्याला अडवत नाही. ते पाण्याला वाट देतं, आणि लवकर जा म्हणतं. स्लॅब पाण्याला म्हणतो, थांब, बघू आपण.

पाणी किती थांबतं हे नवशिक्याने एकदा आकड्यात बघून घ्यावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दहा बाय दहाची खोली धरा. तिच्यावरच्या गच्चीच्या तेवढ्याच तुकड्यावर त्या दिवसाच्या हिशेबाने पावणेनऊ हजार लिटर पाणी पडतं. गच्चीवर असतात त्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या, तसल्या जवळजवळ नऊ, एका झोपायच्या खोलीवर. आता गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघा. तिथे एक पतंग, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कबुतराचं घरटं असेल.

म्हणून मे महिन्यात करायच्या कामांत पहिलं काम हे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पाइपांची तोंडं मोकळी करा. जाळी बसवा. जाळी बसवल्यावर दर आठवड्याला जाळीवरचा कचरा काढा, नाहीतर जाळी हेच बूच होतं. दुसरं, कठड्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ. तो चार पानांचा असतो तेव्हा सगळ्यांना गोजिरवाणा वाटतो आणि पिंपळ तोडायचं पाप कुणालाच नको असतं. पुढच्या वर्षी त्याचं मूळ भिंतीत बोटाएवढं झालेलं असतं. मी आता पानं दोन असतानाच मुळासकट काढतो, कुंडीत लावतो आणि देवळाच्या आवारात नेऊन ठेवतो. पाप टळतं. देवळाच्या आवारात आता माझे सात पिंपळ झाले आहेत आणि पुजारी मला बघितलं की आत जातात.

तिसरं, भोकं. डिश अँटेना ठोकणारा मुलगा गच्चीच्या तळालाच चार बोल्ट मारून जातो. सौर बंबाची चौकट, कपडे वाळवायच्या तारेचे खांब, गणपतीत मांडव घालायला पाडलेले खड्डे, सगळ्यांची भोकं पाण्याला आयती मिळतात. भोक पाडायचंच तर कठड्याच्या भिंतीत पाडावं.

आता खरं काम, म्हणजे कोबा. ‘ब्रिकबॅट कोबा’ हा शब्द गवंड्याच्या तोंडून ऐकला की नवशिक्याने समजल्यासारखी मान हलवावी. स्लॅब साफ करून त्यावर सिमेंटचं दूध ओततात, विटांचे तुकडे मालात बसवतात आणि सगळ्या गच्चीला पाइपाच्या दिशेने ढाळ देतात. ढाळ शंभराला एक, म्हणजे दहा फुटांमागे सव्वा इंच. डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला दिसतो. भिंत आणि तळ जिथे भेटतात तिथे काटकोन ठेवायचा नाही. तिथे गोलसर वाटा ओढायचा आणि तो कठड्यावर फूटभर चढवायचा. सगळी मेख या वाट्यात आहे. मे महिन्यात गच्ची अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही, म्हणजे ती पसरलेली असते. मृगाची पहिली सर आली की ती एकदम निवते आणि आकसते. हे रबरासारखं ताणणं-आकसणं वर्षानुवर्षं चालतं आणि त्याची भेग पहिल्यांदा पडते ती भिंतीच्या कोपऱ्यातच. गच्चीच्या मधोमध माझे अकरा गोल कोरडे बसले होते ते म्हणून.

गवंडी काम करत असताना वर जाऊन उभं राहावं. प्रश्न विचारू नये, चहा न्यावा. चहा नेणाऱ्याच्या देखत वाटा नीट ओढला जातो. काम झालं की पाइपांची तोंडं चिंध्यांनी बांधून गच्चीत पाणी तुंबवून ठेवायचं आणि आठवडाभर खालून छत न्याहाळायचं. सिमेंटही नीट मुरतं आणि परीक्षाही होते. फक्त नंतर चिंध्या काढायच्या. आमच्याकडे तेवढं राहिलं. ७ जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर इमारतीतली सगळी मुलं गच्चीवर पोहत होती, आणि नवा कोबा पाणी धरतो हे मात्र निर्विवाद सिद्ध झालं.

जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू नये हे सगळ्यांना माहीत असतं. आमचा फोडायला घेतला तेव्हा खाली दुसरा निघाला आणि त्याच्या खाली तिसरा. तळचा बिल्डरचा, मधला बहुधा नव्वदच्या दशकातल्या समितीचा, वरचा आम्हाला आठवत होता. हडप्पाच्या उत्खननात थरांवरून काळ ठरवतात, तसं आमचे एक निवृत्त शिक्षक सभासद विटांचा रंग बघून कुठल्या सेक्रेटरीचा काळ ते सांगत होते. कोब्याचा एक थर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भरतो. आमची गच्ची तीन हजार चौरस फुटांची. दोन जादा थर म्हणजे शंभर टनांहून जास्त वजन आम्ही वर्षानुवर्षं डोक्यावर वागवत होतो. या काळात कोजागिरीला तीस माणसांचा दुधाचा कार्यक्रम गच्चीवर करायला समितीने परवानगी नाकारली होती. कारण लेखी दिलं होतं: स्लॅबवर लोड येईल.

छतावर तांबूस डाग दिसू लागले, गिलाव्याचा एखादा लपका पडला आणि आत गंजकी सळई दिसली, की मग ही पुस्तिका बंद करावी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून काँक्रीट फोडतो. त्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे फुगलेल्या हिरडीवर लिपस्टिक. छताला पांढरे, क्षाराचे सुळके लोंबायला लागले असतील तर तेही नुसतं कौतुकाने बघू नये. स्लॅबमधला चुना पाण्याबरोबर विरघळून बाहेर येतो आणि सुकून थिजतो. गुहांमध्ये हेच हजारो वर्षांत होतं. आमच्या मोरीवर नऊ वर्षांत झालं.

घरोघरी येणाऱ्या तज्ज्ञांबद्दल फार लिहीत नाही. कोबावाला म्हणतो रसायनाने काही होत नाही, रसायनवाला म्हणतो कोब्याचा जमाना गेला, आणि पत्र्यावाला दोघांचं ऐकून घेऊन पत्र्याचं माप घेणारी टेप काढतो. तिघांनाही आपापल्या जागी काही अंशी बरोबर मानावं आणि लेखी हमी मागावी. हमी दहा वर्षांची असते. हमी देणारा फोन दोन वर्षं उचलतो.

पत्रा हा आमच्याकडच्या उपनगरांचा आवडता निकाल आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत लोकलच्या खिडकीतून बघा, इमारतींनी टोप्या घातलेल्या दिसतील. पालिकेची परवानगी लागते, ती काढावी. आणि एक बारीक गोष्ट सांगतो, जिच्यावर सगळं अवलंबून आहे: पत्र्याचा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खळग्यात नाही. पाणी खळग्यातून वाहतं. खळग्यात मारायला सोपं जातं म्हणून घाईचा माणूस तिथेच मारतो, आणि खालचं रबर दोन उन्हाळ्यांत कडक झालं की तेवढ्याच जागी शॉवर सुरू होतो.

हे सगळं वाचून कुणाला कमीपणा वाटत असेल, तर थोडा दिलासा देतो. फ्रँक लॉइड राइटने १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर बांधलेलं ‘फॉलिंगवॉटर’ जगातल्या देखण्या घरांत गणलं जातं. त्याचा मालक त्याला म्हणे सात बादल्यांची इमारत म्हणत असे. पॅरिसजवळ ला कॉर्बुझिएने बांधलेल्या ‘व्हिला सव्हॉय’च्या मालकीणबाईंनीही सपाट छताच्या गळतीबद्दल त्याला पत्रांवर पत्रं लिहिली होती. तोच कॉर्बुझिए पुढे चंदीगडचा शिल्पकार झाला. तेव्हा आपल्या बिल्डरबद्दल मनात फार कडवटपणा ठेवू नये.

राहता राहिली सोसायटी. छप्पर दुरुस्त करायचं साधन म्हणून ती कोबा, रसायन आणि पत्रा यांच्यापेक्षा अवघड आहे, कारण तिला ढाळ नसतो. नियम खरं तर स्वच्छ आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती, पावसाची गळती आणि त्या गळतीने वरच्या मजल्यावरच्या छताचं व गिलाव्याचं झालेलं नुकसान हे सोसायटीने बघायचं असतं. वरच्याच्या संडासातून किंवा मोरीतून खालच्याकडे गळत असेल तर ते सभासदांचं. हा नियम छापून जवळ ठेवावा. तो दाखवल्यावर पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतील, “नियम ठीक आहे हो, पण आमच्याकडे तर गळत नाही.” यावर काहीही उत्तर देऊ नये. त्यांच्या डोक्यावर तीन मजले आहेत, त्यातला एक तुमचा आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. याचा अर्थ नवशिक्याने नीट समजून घ्यावा. गणपती गेलेले असतात, पाऊस मावळतीला लागलेला असतो, छताची ओल सुकत आलेली असते. गळती हा विषय पार्किंगनंतर आणि दिवाळीच्या रोषणाईच्या आधी येतो. सगळे सहानुभूतीने ऐकतात. ‘उन्हाळ्यात काम हाती घ्यावे’ असा ठराव होतो, सूचक-अनुमोदक मिळतात. मग उन्हाळा येतो. एप्रिलमध्ये गच्ची इतकी कोरडी, इतकी निर्दोष दिसते, वाळत घातलेल्या पापड-कुरडयांनी इतकी भरलेली असते की इथून कधी पाणी गेलं होतं, हे खुद्द आम्हा चौथ्या मजल्यावाल्यांनाही खरं वाटत नाही. गवंडी तेव्हा मोकळे असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकदम आठवण येते आणि गवंडी गावी गेलेले असतात, आपापली घरं शाकारायला.

आमचं काम शेवटी कसं झालं? अकराव्या वर्षी, जुलैच्या एका रविवारी, मी विशेष सभा आमच्याच घरी बोलावली. खुर्च्या जाणीवपूर्वक मांडल्या. अध्यक्षांच्या चहात दोनदा थेंब पडला. त्या दिवशी झालेला ठराव पुढच्या मे महिन्यात अमलात आला.

गच्ची झाली, त्याच्या पुढच्या दिवाळीत आम्ही छताला रंग काढायला घेतला. पेन्सिलीने काढलेल्या रेघा आणि अकरा वर्षांच्या तारखा असं ते छत एखाद्या समुद्रकिनाऱ्याच्या नकाशासारखं झालं होतं. रंगारी पत्र्याने जुना रंग खरवडत होता. तीन थर निघाले आणि त्याने मला हाक मारली. “साहेब, हे पण तुमचंच का?” खाली, अगदी गिलाव्यालगत, पंख्याच्या हुकाभोवती पेन्सिलीची एक वेगळी रेघ होती. अक्षर माझं नव्हतं. बारीक, वळणदार, बँकेत नोकरी केलेल्या माणसाचं असावं तसं. बाजूला तारीख: १३ जुलै. त्याच्या बाहेर दुसरी रेघ, २ ऑगस्ट. तिसरी, २१ ऑगस्ट. आणि तिच्यापुढे एक बाण, कठड्याच्या दिशेने.

मला त्या अक्षराचा माणूस आठवला. शांत, नीटनेटका, पांढरा सदरा. हा फ्लॅट त्यांनी आम्हाला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दाखवला होता. गच्चीसुद्धा दाखवली होती. वर कुरडया वाळत होत्या.